पोथी कोण खातं?

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड हे गाव तुमच्यातल्या काही जणांना दोन-तीन गोष्टींसाठी माहीत असेल. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून, कापसाच्या बाजारासाठी, नाहीतर मूर्तिजापूर ते यवतमाळ एकेकाळी धावणाऱ्या 'शकुंतला' नावाच्या चिमुकल्या आगगाडीचं जुनं स्टेशन म्हणून. पण आज आपण जाणार आहोत ते तिथल्या जुन्या जैन मंदिरांत. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ अशी या तीन मंदिरांची ओळख आहे. तिथली ग्रंथभांडारं विद्वानांच्या जगात मूर्तींइतकीच प्रसिद्ध आहेत. भांडार म्हणजे हातानं लिहिलेल्या पोथ्यांचा साठा. संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, जुनी मराठी, कितीतरी भाषांतल्या पोथ्या. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची भलीमोठी यादी छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की कारंज्यात काय काय जपून ठेवलेलं आहे!

आता जरा विचार करा. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली कागदाची पोथी म्हणजे तीनशे-चारशे पावसाळे. दर पावसाळ्यात भिंतींना ओल, हवेत दमटपणा, कपाटांच्या फटींतून फिरणारे सहा पायांचे पाहुणे. आपल्या वह्या एका पावसाळ्यात लिबलिबीत होतात, मग या पोथ्या टिकल्या कशा? ते समजून घ्यायचं तर आधी पोथी खातं कोण, ते पाहायला हवं.

सुरुवात कागदापासून करू. जुना हातकागद बनायचा तो चिंध्या, जुने दोर, तागाची पोती यांच्यापासून. हे सगळं भिजवून, कुटून, लगदा करून चाळणीवर उचलायचं. दौलताबाद-खुलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे, तिथे असा कागद अजूनही करतात. कागद वाळला की त्याला पिठाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही. या कागदाचं अंग बनलेलं असतं सेल्युलोजचं, आणि कारंज्याच्या बाजारात येणारा कापूसही जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ समजा. हजारो मणी एकामागे एक ओवलेले, आणि अशा असंख्य माळा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. हो, कागद हा साखरेचाच बनलेला असतो! पण तुम्ही कागद चघळलात तर गोड लागणार नाही, कारण ती माळ तोडण्याची कात्री आपल्या पोटात नाही. ज्यांच्याकडे ती कात्री आहे, त्यांच्यासाठी मात्र ग्रंथभांडार म्हणजे भरलेलं कोठार.

ही कात्री वापरण्यात सगळ्यात पटाईत आहे बुरशी. बुरशीची बीजं, म्हणजे बीजाणू, हवेत सगळीकडे तरंगत असतात. तुम्ही हे वाचताना घेतलेल्या श्वासातही काही आत गेले. पोथीच्या पानांवरही ते बसलेले असतातच, पण कोरड्या कागदावर ते नुसते पडून राहतात, वर्षानुवर्षं. त्यांना हवं असतं पाणी. ओतलेलंच पाणी हवं असं नाही, हवेतलंही चालतं. कागद हवेतली वाफ शोषतो. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली आणि बरेच दिवस तशीच राहिली की कागदात इतकी ओल साठते की बीजाणू जागा होतो. मग त्यातून एक धागा निघतो, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि बघता बघता पानावर पांढरं, हिरवं, काळं जाळं पसरतं.

गंमत ही की बुरशीला तोंड नाही, पोट नाही. आपण घास आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग खाते! तिचे धागे कागदावर एक रस सोडतात. त्या रसातली विकरं सेल्युलोजची माळ बाहेरच तोडतात, सुटलेली साखर ओलीत विरघळते आणि धागे ती शोषून घेतात. म्हणून बुरशी लागलेलं पान फाटलेलं दिसत नाही, पण बोटांत धरलं की त्यात जीवच नसतो. ते मऊ पडतं, टिपकागदासारखं पाणी पितं आणि कडेनं तुटतं. वर डाग राहतात ते वेगळेच. काही बुरश्या रंग तयार करतात, जांभळट, पिवळे, तपकिरी, आणि बुरशी मेली तरी ते डाग जात नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैनिकांचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजायला लागले. शास्त्रज्ञांनी कुजक्या कापडावरची बुरशी गोळा करून तपासली. त्यात एक अशी निघाली की सेल्युलोज तोडण्यात तिचा हात कुणी धरू शकेना. तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसाय. आज तिच्याच वंशाच्या बुरशीकडून विकरं तयार करून घेतात आणि जीन्सचं कापड मऊ, फिकट करायला, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन बनवायला वापरतात. तंबू खाणारी बुरशी कामाला लागली! पोथी खाणारी बुरशी याच गोतातली.

आता सहा पायांचे पाहुणे. जुनं पुस्तक उघडलं की एक चंदेरी, चपटा किडा सर्रकन पळतो, पाहिलाय ना? तीच कसर. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, पंख नाहीत, शेपटीकडे तीन लांब केस. अंगावर बारीक चंदेरी खवले असतात, बोट लावलं तर ते बोटाला चिकटतात. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचं एक पुस्तक काढलं, त्यात या कसरीचंही सुंदर चित्र आहे. कसरीचं कुळ इतकं जुनं आहे की पंख असलेले किडे पृथ्वीवर आले त्याच्याही आधीपासून तिचे पूर्वज इथे आहेत. ती काही वर्षं जगते, मोठी झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहते आणि महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते.

कसरीला कागदापेक्षा कागदावरची खळ जास्त आवडते. म्हणून ती पान आरपार कापत नाही, वरवर खरवडते. कसर लागलेलं पान उजेडासमोर धरा. काही ठिकाणी ते इतकं पातळ झालेलं दिसेल की पलीकडचा प्रकाश दिसतो, आणि कडा वेड्यावाकड्या असतील. बांधणीची खळ, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कापड, लेबल, हे तिचं खास खाणं.

गोल, नीटस, टाचणीनं पाडल्यासारखं भोक दिसलं आणि ते पहिल्या पानापासून पन्नासाव्या पानापर्यंत आरपार गेलेलं असलं, तर ते काम कसरीचं नाही. ते भुंगेऱ्याच्या अळीचं. भारतातल्या ग्रंथालयांत गॅस्ट्रॅलस नावाचा एक बारका तपकिरी भुंगेरा सापडतो, दोन-तीन मिलिमीटरचा. मादी पुस्तकाच्या पाठीजवळ अंडी घालते. अंड्यातून निघालेली पांढरी, वाकडी अळी कागद खात खात बोगदा खणते. तिला दिसत नाही, दिशा ठाऊक नसते. ती फक्त पुढे खात जाते आणि मागे पीठ सोडत जाते. त्या वाटेत जे अक्षर येईल ते जातं, मग ते देवाच्या नावातलं असो की राजाच्या. पूर्ण वाढली की ती कोषात जाते, भुंगेरा होते आणि एक गोल दार पाडून बाहेर पडते. आपल्याला दिसतं ते तिचं शेवटचं दार.

अशा भोकांवरून इतिहासही शोधता येतो. युरोपात जुनी चित्रं लाकडी ठशांवरून छापत. लाकडात भुंगेऱ्यानं भोक पाडलं असेल तर छापलेल्या चित्रात तेवढी जागा कोरी राहायची. अमेरिकेतले शास्त्रज्ञ ब्लेअर हेजेस यांनी शेकडो वर्षांतली अशी चित्रं घेऊन ती कोरी टिंबं मोजली. उत्तर युरोपातली टिंबं सरासरी १.४ मिलिमीटरची, दक्षिणेतली २.३ मिलिमीटरची! दोन वेगळे भुंगेरे, दोन वेगळे प्रदेश, आणि त्यांच्यामधली सीमा चित्रांतल्या भोकांवरून नकाशावर काढता आली. आपल्याकडच्या पोथ्यांतल्या भोकांची अशी मोजणी कुणी मोठेपणी करावी असं मला फार वाटतं. तुमच्यातलंच कुणीतरी करा.

वाळवीबद्दल तर तुम्हाला सांगायलाच नको. ती जमिनीतून मातीची नळी बांधत भिंतीवर चढते, कपाटाच्या पाठीमागून शिरते आणि गठ्ठा आतून पोकळ करते. वरचं पान शाबूत, आत माती! पण एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. आपल्याकडच्या शेतांत वारुळं बांधणारी वाळवी चक्क शेती करते. चघळलेला काडीकचरा ती वारुळात नेऊन रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या ज्या सात्या विदर्भात चवीनं खाल्ल्या जातात, त्या याच शेतातल्या. म्हणजे कीड आणि बुरशी हे पोथीचे दोन शत्रू इथे एकाच घरात नांदतात.

बुरशी आणि किडे यांचं नातं आणखी एका ठिकाणी दिसतं. ओल धरलेल्या पुस्तकात पानावर एखादा पांढुरका ठिपका चालताना दिसतो, एक मिलिमीटरचा. ती पुस्तकातली ऊ. ती माणसाला चावत नाही, कागदही फारसा खात नाही, तिचं मुख्य खाणं कागदावरची बुरशी. तुमच्या डोळ्यांना बुरशी दिसायच्या आधी तिला ती सापडते. म्हणून ही ऊ दिसली की समजायचं, पुस्तकाला ओल आली आहे. तिच्या काही जातींत नर नसतातच, सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. तिच्या मागावर येतो पुस्तकातला विंचू! घाबरू नका. तो तीन-चार मिलिमीटरचा, पुढे दोन नांग्या, पण मागे डंखाची शेपटी नाही. पुस्तकातल्या उवा धरून खाणं हे त्याचं काम. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटलनंही पुस्तकांत राहणाऱ्या बिनशेपटीच्या विंचवासारख्या जिवाचा उल्लेख केला आहे. तो दिसला तर मारू नका, तो आपल्या बाजूचा आहे.

पोर्तुगालमध्ये तर पुस्तकांच्या बाजूनं वटवाघळं लढतात. कोइंब्रा आणि माफ्रा इथल्या जुन्या ग्रंथालयांत छोटी वटवाघळं राहतात आणि रात्री पुस्तकांचे किडे खातात. त्यांची लेंडकं जुन्या मेजांवर पडू नयेत म्हणून कोइंब्र्याचे कर्मचारी संध्याकाळी मेजांवर चामड्याची आच्छादनं घालतात आणि सकाळी साफसफाई करतात.

आपल्या कारंज्यात मात्र एक वेगळाच पेच. जैन धर्मात किडामुंगीलाही मारायचं नाही. मग पोथी वाचवायची कशी? यावर शेकडो वर्षांत जो मार्ग काढला गेला तो मला शास्त्र म्हणूनही थोर वाटतो. किड्याला मारायचं नाही, त्याला राहावंसं वाटणारच नाही अशी जागा करायची. आणि त्याला काय लागतं? ओल, अंधार आणि निवांतपणा. हे तिन्ही काढून घ्यायचे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर जैन समाजात श्रुतपंचमी साजरी होते. षट्खंडागम हा प्राचीन ग्रंथ लिहून पूर्ण झाला तो हा दिवस, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी शास्त्रग्रंथांची पूजा होते, आणि पोथ्या बाहेर काढून, झटकून, पुसून, त्यांची वेष्टनं बदलण्याची रीत आहे. आता कॅलेंडर काढा. ज्येष्ठ शुद्ध पंचमी बहुतेक वेळा येते मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. विदर्भात मृगाचा पाऊस यायच्या अगदी तोंडावर! उन्हाळ्याची कोरडी हवा अजून टिकून असण्याचे हे दिवस. तेव्हा पोथी उघडून तिला हवा दिली की कागदातली उरलीसुरली ओल निघून जाते. मग कोरडी पोथी फळ्यांमध्ये दाबून, कापडात घट्ट बांधली की पावसाळ्याची दमट हवा आत शिरायला वेळ लागतो. श्वेतांबर जैन ज्ञानपंचमी पाळतात ती कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे पावसाळा संपल्यावर. एक सण पावसाच्या अलीकडे, एक पलीकडे. आर्द्रतामापक यंत्र नव्हतं तेव्हा ही माणसं सणाच्या निमित्तानं बरोबर वेळ साधत होती.

पोथीच्या वेष्टनात वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, कापूर ठेवण्याची पद्धतही जुनी. वेखंडात ॲसारोन नावाचं द्रव्य असतं, ते किड्यांना मानवत नाही. पण वास उडतो. चार-सहा महिन्यांनी वेखंड नुसतं काष्ठ होतं, आणि वाळलेला पाला चुरा होऊन पडला तर कसरीला तो आयता मिळतो. वेष्टनाचं कापड लाल असलं की कीड येत नाही असं म्हणतात, पण रंगापेक्षा बांधणी जास्त कामाची. कापड हवा खेळती ठेवतं, धूळ अडवतं, आणि घट्ट बांधलं तर पानांमध्ये किड्याला शिरायला फट राहत नाही. जुने नकलकार पोथीच्या शेवटी लिहून ठेवत की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा. सैल बांधणी त्यांनी तेला-पाण्याच्या पंगतीत बसवली, इतकी ती घातक!

शाईनंही मदत केली. पोथ्यांची काळी शाई काजळ आणि डिंकाची असे. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन, आणि तो बुरशीला पचत नाही. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत, त्यात आर्सेनिकचं विष असतं. म्हणून जुनी पोथी कधीही जीभ लावलेल्या बोटानं उलटायची नाही.

आणि एवढं करूनही भोकं पडतातच. तेव्हा शेवटचा उपाय उरतो तो नकलेचा. पुष्पदंत नावाचा कवी इसवी सनाच्या दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटात, अपभ्रंश भाषेत लिहीत होता. त्यानं स्वतः लिहिलेली पानं आज कुठेच नाहीत. पण कुणीतरी त्यांची नक्कल केली, ती जीर्ण झाली तेव्हा तिची दुसऱ्यानं केली, आणि अशा उड्या मारत त्याची काव्यं कारंज्याच्या भांडारापर्यंत पोचली. विसाव्या शतकात विद्वानांनी ती वाचली. १९३१ साली पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली कारंज्याहून प्रसिद्ध झालं. १९३३ साली 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ साली कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ' निघालं, ही दोन्ही अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादली. करकंडाच्या गोष्टीत तेरापूरच्या लेण्यांचं वर्णन आहे, आणि ती लेणी म्हणजे आपल्या धाराशिवची लेणी, हे त्यांनीच दाखवून दिलं. एका पोथीतलं वर्णन आणि डोंगरातली लेणी एकमेकांना भेटली! पुढे १९३९ साली त्याच षट्खंडागमाचा पहिला छापील खंड डॉ. जैन यांनीच अमरावतीहून काढला.

संपादक काम कसं करतात ठाऊक आहे? एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या गावांतल्या प्रती समोर ठेवतात. एका प्रतीत अळीनं जे अक्षर खाल्लं, ते दुसरीत असतं. दोन गावांतल्या दोन अळ्यांनी नेमकं तेच अक्षर खाण्याची शक्यता फारच थोडी. म्हणून एखाद्या पोथीच्या जितक्या नकला, तितकी ती सुरक्षित.

आता तुमच्या घराकडे वळू. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर मोठ्यांच्या मदतीनं चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या. जुनी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच कोंडते. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, त्यानं तिला हवं तेच मिळतं. तोंडाला मास्क लावून, पुस्तक अंगणात नेऊन, मऊ ब्रशनं हलकेच झटका. वाळवायचं तर सावलीत, कारण वैशाखाचं थेट ऊन कागद कडक करतं आणि रंग उडवतं. डांबराच्या गोळ्यांच्या मागे लागू नका, त्यांची वाफ आपल्याच छातीला वाईट.

आणि एखाद्या पुस्तकात गोल भोकं सापडली, तर आतली अळी अजून आहे की कधीच उडून गेली, हे तुम्हाला शोधता येईल. पुस्तक नीट झटका आणि काळ्या कागदावर उभं करून ठेवा. आठवडाभर त्याला हात लावू नका. मग ते उचलून कागदाकडे भिंग लावून बघा. कागद स्वच्छ असेल तर भोकं जुनी आहेत. फिकट, बारीक पिठाची ढिगुळी पडलेली असेल तर आत कुणीतरी जेवतं आहे. मग ते पुस्तक आधी इतर पुस्तकांपासून वेगळं काढा, आणि त्या रविवारी घरातल्यांना सोबत घेऊन सगळं कपाट रिकामं करा.